चंद्री परत जायची

पाडा सोडला त्या सकाळी आयने बाला घराचं दार काढायला लावलं. सागाचं जड दार. बा म्हणाला, राहू दे, कधी आलो तर लागेल. आय म्हणाली, "दार ऱ्हायलं तं परत येवासं वाटंल. नको." मग दार टेम्पोत चढलं, दारावर भांडी आणि भांड्यांच्या मध्ये मी. चंद्री, आमची म्हैस, तिला घेऊन बा पायी निघाला. मागे घर आ वासून उभं होतं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा बांधावर उभे होते, आणि कोण काय बोललं ते मला अजून पाठ आहे. पोरगं गेलं आणि बाईला शहराची हौस आली, असं. नावं ठेवायला तुम्हांला कुणी सांगावं लागत नाही. म्हणूनच लिहिते आहे, पाड्यावर राहिलेल्यांना, आणि नंतर आमच्यामागून खाली आलात त्यांनाही.

पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ, मधू. सहा वर्षांचा. साप चावला असं आपल्यात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याला पान लागलं आणि घोंगडीच्या झोळीतून बदलापूरला नेईपर्यंत तो वाटेतच गेला. लहान म्हणून त्याला पुरलं, करवंदीच्या जाळीपलीकडे. जनावरांनी उकरू नये म्हणून बाने वर दगड रचले. आयने त्या दिवसापासून एकच धरलं. जिथून डॉक्टर एवढा लांब, तिथे ती दुसरं पोर ठेवणार नव्हती. दुसरं पोर म्हणजे मी. बारा वर्षांची होते, मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा अंबरनाथ पूर्वेला आजच्यासारख्या बिल्डिंगी नव्हत्या. चाळीतली शेवटची खोली आम्हांला मिळाली, मागे मोकळी जागा, तिथे चंद्रीचा गोठा. दार चार विटांवर टाकलं, त्याची खाट झाली. मी त्याच्यावरच झोपायची, त्याच्यावरच अभ्यास करायची. बा केमिकलच्या कंपनीत पॅकिंगला हेल्पर म्हणून लागला. आय कंपनीच्या ऑफिसरांकडे दूध घालायची आणि महिन्याभरात "भाभी, आज एक्स्ट्रा मंगता क्या?" असं बिनधास्त विचारायला लागली. पाड्यावर घरातल्या पुरुषांसमोरही जिचा आवाज निघत नसे ती ही बाई. मला तिचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. मधूचं नाव ती काढतच नसे, बाने काढलं की उठून बाहेर जायची.

पंधराएक दिवसांत चंद्री पळाली. शोधशोध झाली आणि शेवटी बाला ती पाड्यावर सापडली, आपल्या बिनदाराच्या घरात उभी. मधू तिच्या पाठीवर बसूनच चरायला जायचा, तिला तीच वाट ठाऊक. बाने तिला परत आणलं. परत गेली. दावं तुटलेलं असायचं. आय वैतागली, उल्हासनगरला जाऊन सिंध्याच्या दुकानातून कडी असलेली साखळी घासाघीस करून आणली.

साखळीनंतरही चंद्री जातच राहिली. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. पहाटे गोठा रिकामा, खुंट्याला साखळी, कडी उघडी. बा काठी घ्यायचा, "चंद्री गेली, आणतो," म्हणायचा आणि संध्याकाळी तिला घेऊन यायचा. गुडघ्यांना माती, नखांत माती. कडी काढायला बोटं लागतात, म्हशीला काही ती असत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. आयला तर कधीच कळलं होतं. पण घरात कुणी बोललं नाही. बाचे खाडे वाढत गेले. पुन्हा खाडा केलास तर ब्रेक देईन, म्हणजे कामावरून काढीन, असं सुपरवायझरने सांगितलं. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की पुन्हा पाडा, हे आय रोज पीठ मळताना स्वतःशीच पुटपुटायची. मी दारावर पडून ऐकायची. मला परत जायचं नव्हतं. मधूची आठवण यायची, तरी जायचं नव्हतं. असं वाटणारी मी कसली बहीण, असंही वाटायचं.

मग चंद्री इथेच व्याली. रेडकू झालं, काळंभोर, सगळी चाळ बघायला आली. त्यानंतरची एक सकाळ. बा उठला, तोंड धुतलं, काठी घेतली आणि सवयीने म्हणाला, "चंद्री गेली. आणतो."

आणि मागून चंद्री हंबरली.

कडी उघडी होती, साखळी जमिनीवर पडलेली होती. चंद्री मोकळी उभी राहून रेडकाला चाटत होती. बा दारातच थांबला. त्याच्या हातातली काठी तशीच, आणि तोंड असं झालं होतं की मला बघवेना. मला वाटलं, आता आय त्याला फाडून खाणार.

आयने भाकऱ्या फडक्यात बांधल्या. डोक्यावरून पदर घेतला. म्हणाली, "थांबा. मी पन येते. मी तं त्याला अजून भेटलीच नाय."

आम्ही तिघं गेलो. बदलापूरपर्यंत गाडीने, पुढे पायी. आय दगडांपाशी बसली आणि पहिल्यांदा रडली, मोठ्याने, तुम्ही घरांतून बाहेर आलात एवढ्या मोठ्याने. बा एकेक दगड नीट बसवत राहिला. तिने त्याला अडवलं नाही, मध्येच एक दगड तिनेही उचलून दिला. मग ऊन कललं तशी ती नाक पुसून उठली आणि म्हणाली, "चला. धारेची येळ झाली."

बा उठला. मला वाटलं होतं, तो उठणार नाही.

त्यानंतर बाला जावंसं वाटलं की तो सुट्टीच्या दिवशी सांगून जायचा. साखळी आयने भंगारवाल्याला दिली. आता गोठ्याच्या जागी बिल्डिंग आहे आणि तिच्यात तिसऱ्या मजल्यावर मी राहते. दूध पिशवीचं येतं. वर्षातून एकदा बाबरोबर मी पोरांना घेऊन पाड्यावर येते, हे तुम्ही बघताच. दगडांपाशी बसते, तुमच्याकडे चहा पिते, तुम्ही राहा म्हणता. पण ऊन कललं की माझा जीव वर-खाली व्हायला लागतो. चंद्री जाऊन किती वर्षं झाली, आय गेली त्यालाही दोन वर्षं झाली, घरी धार काढायला काही नाही. तरी मीच उठते आणि बाला म्हणते, चला, वेळ झाली.