बुरैद्याला राहिलेला डबा

जपानी कंपनीत नोकरी आणि मुक्काम रियाधला, असं सांगितलं की पुण्यातले नातेवाईक आधी साकुराची चौकशी करतात, मग उंटांची. माझ्या वाट्याला दोन्ही येत नाहीत. माझ्या वाट्याला येतात एक्सेल शीट आणि आमचे साहेब मोरिता-सान.

ऑगस्टमध्ये साहेब म्हणाले, बुरैद्याला जाऊ. आमची कंपनी जपानमधल्या मिठाईवाल्यांना इथला खजूर पाठवते. जुन्या व्यापाऱ्यानं धंदा आवरला होता. या हंगामात नवा करार झाला नाही, तर रियाधचं ऑफिस बंद होणार होतं. म्हणजे माझा इकामा, इथं राहायचा परवाना, खलास. लेक दहावीत. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

तीनला निघायचं होतं. पावणेतीनलाच मोरिता-सान आमच्या बिल्डिंगखाली टाय लावून उन्हात उभे! बायकोनं, मुग्धानं, वाटेत खायला रव्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा दिला. झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं.

"डबा परत आण हं," एवढंच ती म्हणाली. कराराबद्दल अवाक्षर नाही.

रियाध ते बुरैदा साधारण साडेतीनशे किलोमीटर. रस्ता असा की गाडी आपोआप पळते, म्हणून कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा. पेट्रोलपंपावरचा दोन रियालचा करक, म्हणजे वेलची घातलेला कडक दुधाचा चहा चुकवू नका. चहासोबत आम्ही निम्मे लाडू संपवले आणि मी साहेबांचा क्लास घेतला. कप उजव्या हातात धरायचा, कॉफी पुरे झाली की कप हलवायचा, घरातल्या बायकांची चौकशी करायची नाही. साहेबांनी सगळं वहीत उतरवलं. एक गोष्ट सांगायची मी विसरलो.

मुक्काम साध्या हॉटेलात केला. तुम्हीही तसंच करा, कारण खजुराचा बाजार पहाटेच्या नमाजानंतर भरतो आणि ऊन चढलं की आवरतो. पिकअप गाड्यांच्या रांगा, त्यात सुक्करी खजुराचे सोनेरी खोके आणि गाडीवर चढून ओरडणारे लिलाववाले. मोरिता-सान प्रत्येक खोक्यापुढे किंचित वाकत होते. खजुराला की मालकाला, ते कळेना.

तिथून अबू फैसल यांच्या बैठकीत. पांढऱ्या दाढीचे, मळेवाले व्यापारी; करार करायचा तो यांच्याशीच. जन्मभर भारतीय कामगारांबरोबर काम केल्यानं हिंदी बोलत होते. कॉफी आली. मोरिता-साननी कप हलवला आणि मग जपानी रीतीप्रमाणे भांड्याचं कौतुक सुरू केलं. कॉफीची पितळी सुरई, तिची चोच, तिची नक्षी. मी भाषांतर करता करता गारच पडलो. इथं पाहुण्यानं वस्तू वाखाणली की यजमान ती देऊन टाकतो, हेच सांगायचं राहिलं होतं!

"ये तुम्हारा. खलास," अबू फैसलनी सुरई साहेबांच्या मांडीवर ठेवली.

जपानी माणूस भेटीची परतफेड केल्याशिवाय राहत नाही. साहेबांनी खिशातलं पेन दिलं. त्यावर अबू फैसलनी अत्तराची कुपी दिली. साहेबांनी बॅगेतला घडीचा जपानी पंखा दिला. अबू फैसलनी खजुराचा खोका मागवला. तास गेला, कराराचा कागद फाइलमध्येच. शेवटी साहेब घड्याळाचा पट्टा सोडायला लागले, तेव्हा मी गाडीकडे धावलो आणि लाडवांचा डबा आणून पुढे ठेवला.

अबू फैसलनी एक लाडू खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. मग उरलेले लाडू थाळीत काढून डब्यात खजूर भरायला लागले. डबा भरून हातात आला असता तर साहेबांचं घड्याळ गेलंच असतं.

"चाचा, हमारे यहाँ डब्बा खाली वापस नहीं करते," मी म्हणालो. "पर जल्दी भी नहीं करते. आराम से भेजना."

ते मोठ्यानं हसले. डबा त्यांनी मागच्या फळीवर ठेवला. मी कराराचा कागद दिला, तोही डब्याखाली सरकवला. "इन्शाल्ला," म्हणाले. सही नाही, तारीख नाही.

परतीच्या वाटेवर साहेबांनी वहीत लिहिलं: करार शून्य, सुरई एक. घरी मुग्धानं दारातच विचारलं, "डबा?"

"राहिला."

"आणि करार?"

"डब्याखाली आहे."

ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावायला लागली. सोळा वर्षं संसार केल्यावर ही भाषा मला चांगली कळते. पुढचे नऊ दिवस मी ऑफिसात पुण्यातल्या शाळांच्या वेबसाइट बघत बसलो.

दहाव्या दिवशी ऑफिसात खोकं आलं. आत डबा, काठोकाठ सुक्करी खजूर आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत सही केलेला करार. मोरिता-सान उठले आणि डब्यापुढे कमरेत वाकले. माझे डोळे भरून आले, ते मी साहेबांनी लावलेल्या अत्तरावर ढकललं. सुरई आता त्यांच्या टेबलावर आहे. तुम्ही गेलात तर कॉफीचं खुशाल कौतुक करा, भांड्याचं नको.

इकामा वाढवून मिळाला त्या संध्याकाळी घरी आलो. मुग्धा धुतलेला डबा समोर ठेवून ओट्यापाशी उभी होती.

"इकामा वाढला!" मी ओरडलो.

"हो रे, छान झालं," तिनं डोळे पुसले आणि झाकण उघडलं. "पण आता त्यांना यात काय भरून पाठवायचं?"