ऊन दिलेला डबा

आश्विनातलं ऊन खाऊन घडी झालेल्या शालूंना एक वास येतो: कडुनिंबाच्या पाल्याचा, ट्रंकेतल्या जुन्या अंधाराचा. आमच्या घरी त्यात तापलेल्या पत्र्याचाही वास मिसळलेला असे. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत, आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या चंद्रामावशी पावसाळा सरला की आपल्या दोन शालूंबरोबर एक चपटा, गोल डबा माझ्या हाती देत. दमट हवेनं रीळ बिघडू नये म्हणून त्यालाही दिवसभर गच्चीवर ऊन द्यायचं. "उघडू नको बाई, उजेडानं चित्र पुसते," एवढंच बजावत.

मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या. धावत्या घोड्यावरून झेप घेत, आणि तीही स्वतःच. चित्रं बोलू लागली, तशी त्यांची कामं आटली. त्यांचे बाकीचे चित्रपट चांदी काढण्यासाठी वितळवले गेले. भेडाघाटच्या कड्यावरून नर्मदेत घेतलेली उडी तेवढी या डब्यात उरली होती. गल्लीत कुणाचा विश्वास नव्हता. "मौसीजी, एक छलांग हो जाए," असं लोक म्हणत, मावशी दुखरे गुडघे चोळत हसत, आणि मला ते हसणं बघवत नसे.

अखेर बाबांनी रेल्वेतल्या एका मित्राकरवी प्रोजेक्टर आणवला. अंगणात पांढरी चादर ताणली, सारी गल्ली जमली, मावशी शालू नेसून पुढे बसल्या. डबा उघडला आणि नाकात झोंबणारा आंबूस दर्प पसरला. आत तपकिरी भुकटी होती आणि एक चिकट गोळा.

"इसको तो गर्मी खा गई," मित्र म्हणाला. "धूप में किसने रखा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षं, दर आश्विनात, याच हातांनी.

"ऊन काहून देईन जी मी?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "उडी घेतली, तवाच डबा नर्मदेत पडला होता. मले माहीत होतं."

"मग आमाले काहून बसवून ठेवलं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. त्या दिवसापासून गल्लीच्या लेखी मावशी थापाड्या ठरल्या, मरेपर्यंत. मी एकदाही तोंड उघडलं नाही, याची लाज अजून जात नाही.

उडी घेताना खाली पाहायचं नसतं, असं त्या मला सांगत. त्या संध्याकाळी, लोक हसत असताना, त्या समोरच्या कोऱ्या चादरीकडेच पाहत होत्या. त्यांची ही उडी मी पाहिली आहे, एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं.