खेकड्याच्या बरणीत खारी

माझा दादा रत्नागिरीला कॉलेजात शिकवायचा. गणपतीत तो आमच्या गावी, रिठदला, आला तेव्हा त्याने काचेच्या बरणीतून शंखात राहणारा एक खेकडा आणला, आणि दुसऱ्या मोठ्या बरणीत समुद्राचं पाणी. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन आले होते. पुढे सायन्सला जायचं होतं, पण ते बाबांना सांगायची हिंमत नव्हती. माझ्या वतीने दादाच बोलला. बाबा म्हणाले, "हा खेकडा दिवाळीपरेंत जगवून दाखव म्हना तिले. मंग पाहू."

मी रोज चिमटीभर सुकट टाकायची आणि उरलेली काढून घ्यायची. पाणी आटलं की आधीच्या पातळीपर्यंत विहिरीचं भरायची. नवरात्र संपलं आणि खेकडा शंखाबाहेर येईना. दोन दिवस सुकटीला तोंडही लावलं नाही. माझ्या हातून जास्त पडली असेल, ती सडली असेल, असं वाटून मला जेवण जाईना.

दादाने जाताना तपासणीचं सामान ठेवलं होतं. मी बरणीतलं पाणी नळीत घेऊन हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, ताजं पाणी मिसळलं आणि ॲसिड कडेने हळूच सोडलं. मध्ये तपकिरी कडं उमटलं. ती नायट्रेटची खूण, आणि चांगली ठळक. मग साठ्यातलं समुद्राचं पाणी तपासलं, विहिरीचंही तपासलं. कडं कशातच नाही. चिमटीभर सुकटीने इतकं गडद कडं यायचं नाही, एवढं मला कळत होतं. दोन दिवसांनी त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

बरणीच्या तळाशी पांढुरका गाळ होता. मातीचं धाबं गळू नये म्हणून घरावर पसरतात ती खारी माती; तिच्यात सोरा असतो, म्हणजे नायट्रेटच. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याला विचारलं तर तिने लपवलं नाही.

"तू रोज गोडं पानी ओततं. अशानं समुद्र अळनी नाई होनार? म्हून खारी भिजवली, फडक्यानं गाळली अन् टाकली."

मी सांगितलं, घामाचा सदरा वाळला तरी मीठ सदऱ्यावरच राहतं. तसं बरणीतून पाणी जातं, मीठ नाही. आत्याने बरणीत वाकून पाहिलं.

"हे पहिलेच काहून नाई सांगतलं?"

महिनाभर त्या बरणीविषयी मी घरात कुणाशी चकार शब्द बोलले नव्हते.

साठ्यातल्या पाण्याने बरणी पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी खेकडा शंख ओढत सुकटीपाशी आला.

दिवाळीत आत्यानेच बाबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या खारीसकट, आणि काचेच्या नळीत चूक शोधणारी पोर घरी ठेवून काय करतं, असंही विचारलं. बाबांनी खेकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाय मंग नागपूरले."

निघायच्या आदल्या दिवशी आत्या बरणी घेऊन आली. पाणी कुठवर भरायचं ते दाखव म्हणाली. मी काचेवर शाईने एक रेघ ओढून दिली.