मावशीचा दुसरा डबा

आमच्या भाजीवाल्या मावशीला मी चारचौघांत चोर ठरवलं. बोललो हसत हसत, पण अर्थ तोच होता.

अमरावतीत दंगल उसळून संचारबंदी लागली होती. आमच्या कॉलनीमागच्या वस्तीत सगळी हातावर पोट असलेली माणसं. दोन-तीन दिवसांतच त्यांच्या चुली थंडावल्या. पोलिसांची परवानगी काढून आम्ही मारुतीच्या देवळात खिचडी शिजवायला लागलो. लग्नाच्या स्वयंपाकासाठी आलेला दर्यापूरचा एक आचारी संचारबंदीमुळे शहरातच अडकला होता. त्याने गंज, म्हणजे खिचडीचं मोठं पातेलं, ताब्यात घेतला आणि माझ्या हातात वाढायचं वगराळं दिलं.

"मास्तर, तुमी वाढा."

"मी शिकवतो, बाप्पा. वाढप्या नाही."

"मंग आता कामाचं शिका काही!"

खरं तर वाढणं मला नवीन नव्हतं. आमच्याकडे पंगतीत वाढणारा विचारत नाही. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वरण ओततो. मीही तसाच. अकोल्याला सासरच्या लग्नांत तर मला त्यासाठीच हाक मारतात. इथे मात्र हात आखडला. पहिल्या दिवशी रांगेतली शेवटची माणसं उपाशी परतली, ते डोक्यातून जाईना. म्हणून मीच नियम केला: रांगेत उभा राहील त्यालाच मिळेल, आणि एकच डबा.

संचारबंदीत मावशीचाही गाडा बंद. कित्येक वर्षं ती आमच्या दारात भाजी विकायची आणि न मागता मूठभर सांभार पिशवीत टाकायची. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. तिने दोन डबे पुढे केले. मी एक भरला.

"हा दुसरा माह्या मालकाचा हाय जी."

"मालकाले धाडा ना रांगेत! का आता खिचडीचा गाडा लावला, मावशी?"

रांग हसली. मावशी हसली नाही. तिने भरलेला डबा परत गंजात रिता केला, दोन्ही डबे पदराखाली घेतले आणि निघून गेली. मी पुढच्याला वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी सहज बोललो, तर बायको तांदूळ निवडता निवडता थांबली.

"तिचा नवरा पावसाळ्यापासून खाटेवर पडून हाय. साऱ्या गल्लीले माहीत हाय. तुमाले तिच्याशी भाव तेवढा करता येते."

मी तसाच देवळात गेलो. आचाऱ्याला सांगितलं. रांग लागायच्या आत त्याने एक मोठा डबा काठोकाठ भरला, वरून तेलाची फोडणी घातली. "जा. मी पाह्यतो इथलं."

मावशीच्या दाराला पत्रा होता. आत चुलीवर गाड्यावरची उरलेली, सुकलेली वांगी नुसती मिठात शिजत होती.

"कोन आलं वो?" खाटेवरून आवाज आला.

"खिचडीवाले मास्तर," मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाली.

"मंग पाट दे ना त्यायले. उभं काहून ठेवलं?"

तिने पाट टाकला. मला बसवेना. डबा खाटेजवळ ठेवला आणि तिच्यासमोर हात जोडले.

"मावशी, माह्यं चुकलं. चार लोकायसमोर मी तुमाले असं बोलाले नव्हतं पाहिजे. मले माफ करा."