काठापासून दीड फूट

टेलरकाका आमच्या स्वयंसेवक गटात आले ते गळ्यातील टेपसकट. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचे आठ बाय दहाचे दुकान होते. आत एक मशीन, एक इस्त्री आणि खिळ्यांना लटकवलेले बिनबाह्यांचे सदरे. गटातील इतर सारे शेतकरी. काकांच्या नावावर मात्र वीतभरही जमीन नव्हती. जमीन होती ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, कालव्याखालच्या खोलगट भागात, तीन एकर. आई लवकर गेल्यामुळे या ताईनेच त्यांना वाढवले होते आणि शिवणकाम शिकायला पाठवले होते. काका अविवाहित राहिले. दुकानामागे झोपायचे आणि दोन्ही वेळा ताईकडे जेवायचे.

कालव्याचे पाणी सढळ हाताने दिले की जमिनीखालचे पाणी वर चढते, सोबत क्षार आणते आणि जमीन पांढरी पडते. त्यावर नजर ठेवण्यासाठी आम्ही शिवारात बावीस ठिकाणी भोके पाडलेल्या नळ्या, तोंडे जमिनीबरोबर ठेवून, पुरल्या होत्या. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी प्रत्येक नळीत टेप सोडून पाण्याची खोली लिहायची. पाणी चार फुटांवर आले, की भोवतालच्या शेतकऱ्यांनी पाण्याची एक पाळी घ्यायची नाही आणि सर्वांनी मिळून निचऱ्याचा चर उपसायचा, असा आमचा नियम होता.

अंधाऱ्या नळीत टेपचे टोक पाण्याला केव्हा टेकले ते दिसत नसे. काकांनी टोकाला आपले पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ते, उपडे बांधले. पाण्याला टेकताच ते ‘टुब्’ असा स्वच्छ आवाज करी. काका मान वर करून म्हणत, “दिला ढेकर. लिहा, साहेब.”

साहेब म्हणजे मी. भूमापन कार्यालयात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालो होतो. साहजिकच गटाची नियमावली मी लिहिली होती. चौथ्या वर्षी नळ्यांच्या तोंडातून गाळ आत जाऊ लागला, तेव्हा सर्व नळ्यांना वर दीड दीड फुटाचा तुकडा जोडून घेतला, तोही माझ्याच सूचनेवरून. काम नीटनेटके झाले. पुढच्या मोजणीत सर्वत्र पाणी खाली गेलेले दिसले आणि मी तो आलेख बैठकीत भिंतीवर लावला.

काका मागच्या रांगेतून उठले. “साहेब, नळी लांब झाली ना? मग मोजायचं कुठून?”

“नियमात काय लिहिलंय?”

“काठापासून.”

“मग काठापासूनच मोजा. हे काही गिऱ्हाइकाचं झंपर नाही, काका, पोट सुटलं म्हणून शिवण उसवायला.”

बैठक हसली. काकाही हसले आणि खाली बसले. शिकलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव होता. मला तो तेव्हा सद्गुण वाटला.

त्याच्या पुढच्या वर्षी ताईंचे पीक पिवळे पडू लागले. माझ्यासमोरच, बांधावर उभ्या राहून, त्यांनी विचारले, “पाणी तोडू का रे? पायाखाली गार लागतंय.”

काकांनी टेप सोडली, पाहिले, क्षणभर माझ्याकडेही पाहिले. मी वहीत लिहीत होतो. “नळी साडेपाच फूट सांगतेय, ताई,” ते म्हणाले. “दे पाणी.”

ताईंनी दिले. वर्ष संपण्याआधी तीनपैकी दोन एकरांवर पांढरी खपली आली. ती पाहायला गेलो असता टेप काठाला धरून मी वाकलो, तेव्हा नळी मातीतून जिथे बाहेर पडत होती तिथे माझी नजर गेली. साडेपाचातून दीड वजा केले, तर चार उरत होते. जन्मभर लोकांच्या हद्दी बिनचूक मोजणाऱ्या माझी ही चूक होती.

त्याच दुपारी दुकानात गेलो. काका काजे करत होते. मी म्हणालो, “बैठकीत सांगतो. चूक माझी.”

त्यांनी सुई थांबवली नाही. “नका सांगू. अजून वीस-पंचवीस जणांची रानं वाचायचीत. नळ्या चुकल्या म्हटलं की उद्या कोण ऐकेल? गुपचूप मोजणी सुधारा.”

“आणि ताई?”

“ताई म्हणते, तू मोजत होतास, तूच पाणी दे म्हणालास. खोटं कुठं आहे त्यात?”

मी ऐकले, आणि ऐकणे मला सोयीचे होते. पुढच्या रविवारी ‘सुधारित पद्धत’ या शीर्षकाखाली ‘जमिनीपासून मोजावे’ असा नियम काढला. कोणी काही विचारले नाही. त्या नियमामुळे नंतर तीन ठिकाणी चर वेळेवर उपसले गेले. बैठकीत माझे कौतुक झाले, तेव्हा काका टाळ्या वाजवत होते.

काका ताईंकडे जेवायला जाईनासे झाले होते. दुकानामागे स्टोव्हवर स्वतःच काहीबाही शिजवत. मोजणीला मात्र ते आणखी सात वर्षे आले. ताईंच्या नळीपाशी पोहोचलो की टेप माझ्या हातात देऊन बांधावर उभे राहत. गेल्या वर्षी थोड्याशा आजाराने ते गेले.

तेराव्या दिवशी मी ताईंच्या घरी जाऊन सारे सांगितले. त्या धान्य निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

“हे त्याला ठाऊक होतं?”

“होतं. त्यांनीच सांगू नका म्हटलं.”

“तो म्हणणारच. त्यानं कधी कुणाचं नाव पुढं केलंय?” त्यांनी सूप बाजूला सरकवले. “सात वर्षं तो सणावाराला दाराशी यायचा. पिशवी ठेवायचा आणि जायचा. मी आत ये म्हटलं नाही, साहेब. तुम्ही एकदा आला असतात तर म्हटलं असतं.”