बाबांच्या आईचं नाव

बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी देवासमोर बसणं सोडलं. घरात मी वेळ होत नाही असं सांगायची. खरं कारण वेगळं होतं. बरं वाटू दे, असं मागावं तर डॉक्टरांनी ती वाट आधीच बंद करून टाकली होती, आणि काही न मागता देवासमोर बसायची मला सवयच नव्हती. पन्नाशी उलटून गेल्यावर हे लक्षात यावं याचीही लाज वाटत होती. बाबा मात्र अंथरुणावरून हात जोडायचे. त्यांना बसवत नसे, म्हणून मी त्यांना देवघराकडे तोंड करून कुशीवर वळवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून जायची.

बाबा दत्तक होते हे आमच्या घरात कधीच लपवलं गेलं नाही. आजोबा इथे बंगालमध्ये, खिदिरपूरच्या गोदीत अधिकारी होते. त्यांना मूल नव्हतं. फाळणीनंतरच्या वर्षांत पूर्व बंगालमधून आलेली माणसं सियालदह स्टेशनच्या फलाटांवर राहत होती. आजी इथल्या काही मराठी बायकांबरोबर तिथे खिचडी वाटायला जायची. एक अगदी तरुण, हाडांचा सापळा झालेली बाई रोज तिच्याच समोर येऊन बसायची. एक दिवस त्या बाईनं आपलं तान्हं मूल आजीच्या मांडीवर ठेवलं, "एकटू धोरो तो दिदी," जरा धर गं ताई, म्हणाली आणि गर्दीत शिरली ती परत आलीच नाही. आजी कितीतरी दिवस त्याच जागी जाऊन थांबत असे, मूल पदराखाली घेऊन, कुणीतरी येऊन मागेल या भीतीनं आणि कुणीतरी येऊन मागावं या आशेनंही. कुणी आलं नाही. ते मूल आमच्या घरात मराठी बोलायला शिकलं, शिकून इंजिनियर झालं, आणि आयुष्यभर सियालदहहून गाडी पकडून बेलघरियाच्या कारखान्यात नोकरीला जात राहिलं.

बाबांनी जन्मदात्या आईबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. आजीला वाईट वाटेल म्हणून असेल. पण आजारपणात एका सकाळी मी त्यांचं तोंड पुसत असताना ते म्हणाले, "तिचं नाव काय असेल गं?"

"कुणाचं, बाबा?"

"माझ्या आईचं." आणि मग लहान मुलासारखं, जणू चूक झाली असावी असं माझ्याकडे बघत, "नुसतं नाव कळलं तरी चालेल."

माझी मुलगी बंगळुरूला असते. तिनं लाळेवरून नातेवाईक शोधून देणारी तपासणी असते असं सांगितलं आणि बाबांची लाळ एका नळीतून परदेशी पाठवली. माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता. पण निकालात खरोखरच एक जवळचा माणूस निघाला, परदेशात राहणारा कुणी तरुण, बाबांच्या भावंडाचा नातू शोभेल इतक्या जवळच्या रक्ताचा. त्यानं मांडलेल्या वंशवृक्षात बहुतेक चौकोन झाकलेले होते. दिसत होतं ते फक्त एक आडनाव आणि 'बराकपूर'. मी त्याला लिहिलं. पुन्हा लिहिलं. त्यानं ते खातं बरीच वर्षं उघडलेलंच नव्हतं. आडनाव असं की बराकपूरच्या दर गल्लीत त्याची चार घरं. मी जाऊन हिंडले, पाट्या वाचल्या, दारं ठोठावली. लोकांनी पाणी दिलं, काहींनी संशयानं पाहिलं, आणि मी रिकाम्या हातानं परत आले. बाबा विचारायचे नाहीत. माझा चेहरा बघून डोळे मिटून घ्यायचे.

मग त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की आता घरी न्या, वेदना होऊ नयेत एवढंच आपण बघायचं. दुपारची वेळ होती. मला घरी जायचं नव्हतं, बाबांच्या खाटेशीही जायचं धाडस होत नव्हतं. मी चालत राहिले आणि कशी कोण जाणे, सियालदहला येऊन एका बाकावर बसले. समोरून गाड्या येत होत्या, माणसांचे लोंढे उतरत होते. मी देवाला म्हटलं, तुझ्याशी माझं काही बोलणं उरलेलं नाही. एक नाव मागितलं होतं त्या माणसानं. तेही तुला जड झालं. आणि एवढ्या गर्दीत मी मोठ्यानं रडायला लागले.

शेजारी एक वृद्ध बंगाली बाई बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असावं, डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि त्यांची सून तिकीट काढायला गेली होती. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "की होयेछे, मा?" काय झालं, एवढंच विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. आजी, खिचडी, मांडीवर ठेवलेलं मूल, ते आडनाव. का सांगितलं ते आजही मला सांगता येत नाही. त्यांनी ते आडनाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बराकपूरला आमच्या पाड्यात या आडनावाची एक बाई होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चाळिशीची असेल. आठवड्यातून एकदा घरातलं सगळं उरकून गाडीनं इथे यायची आणि संध्याकाळपर्यंत बसून परत जायची. लोक वेडी म्हणायचे तिला. कुणाला घ्यायला जातेस, असं विचारलं की नुसती हसायची."

मी पुढच्याच गाडीनं त्यांच्याबरोबर बराकपूरला गेले. त्यांच्या सुनेनं मला त्या घराच्या दारापर्यंत नेलं आणि ती सासूला घेऊन निघून गेली. त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, आणि त्यांनी तर माझा चेहराही नीट पाहिला नव्हता.

दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या एका बाईंनी. त्या वेड्या म्हटल्या जाणाऱ्या बाईची ही मुलगी, अणिमा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मोबाईलवर बाबांचा फोटो दाखवला. तिनं मोबाईल हातात धरला, परत दिला आणि म्हणाली, "आमच्या आईला मुलगा नव्हता." दार लागलं.  देवानं हातात ठेवून काढून घ्यावं, हे मला न देण्यापेक्षाही क्रूर वाटलं. दाराच्या फटीतून एका चिठ्ठीवर माझा पत्ता आत सरकवला आणि परतले.

बाबांना घरी आणलं. त्यांचं शरीर आता हाडांवर पांघरलेल्या कापडासारखं झालं होतं. औषधाच्या गुंगीतही ते कण्हत. अशाच एका सकाळी बेल वाजली. दारात अणिमा उभी होती, एकटी, पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही हातांत घट्ट धरून.

"मला त्या दिवशी माझीच लाज वाटली," ती आत येता येता बंगालीत म्हणाली. "मी आणि माझे वडील आईला स्टेशनावरून ओढून घरी आणायचो. चारचौघांत मी तिच्यावर ओरडायची. ती कुणाची वाट बघते, असं आम्ही एकदाही विचारलं नाही. परदेशातला तो मुलगा माझाच नातू आहे."

ती बाबांच्या उशाशी बसली. त्यांच्या कपाळावर हात ठेवून "दादा" म्हणाली. बाबांनी डोळे उघडले. मी सांगितलं, "बाबा, ही तुमची बहीण. तुमच्या आईची मुलगी." ते तिच्याकडे बघत राहिले, मग ओठ हलले. तिनं कान जवळ नेला आणि ती म्हणाली, "शैलबाला. आपल्या आईचं नाव शैलबाला."

बाबांनी ते नाव म्हटलं. पुन्हा म्हटलं, अक्षर अक्षर सुटं करून. मग तिनं त्यांना आई सियालदहला येऊन बसायची ते सांगितलं. मी तिला थांबवायला हवं होतं का, हा विचार मला अजून छळतो. बाबांचा चेहरा पिळवटला. "आमि तो रोज ओखान दियेइ जेताम," ते म्हणाले. मी तर रोज तिथूनच जायचो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं आणि पुसायला आमच्या दोघींचाही हात पुढे होत नव्हता.

मग ते तिला म्हणाले, "मला पाहिलं असेल तिनं. एखाद्या दिवशी तरी. ओळखलं नसेल, पण पाहिलं असेल."

"पाहिलं असेलच, दादा," अणिमा म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. मरण सोपं नव्हतं. शेवटच्या रात्री औषधही पुरं पडलं नाही. हे मी लपवणार नाही, कारण देवाची कृपा म्हणजे दुःखाला सूट, असं कुणाला वाटू नये. पण वेदना वाढली की ते देवाच्या नावाऐवजी "शैलबाला" म्हणत, आणि मला वाटतं, ज्याला ऐकायचं होतं त्याला ते त्याचंच नाव वाटलं असेल.

दिवसकार्य झाल्यावर अणिमाआत्या एकदा येऊन बसली आणि पाड्यातल्या जुन्या बायकांकडून कळलं होतं तेवढं तिनं सांगितलं. दंगलीत गाव पेटलं तेव्हा शैलबाला सोळा-सतरा वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं. घरचं कुणी वाचलं नाही. ती एकटी सीमा ओलांडून आली आणि आली तेव्हाच तिच्या पोटात मूल होतं. "त्याबद्दल आई कधी बोलली नाही," आत्या म्हणाली. "मलाही आता ऐकायचं नाही."  ज्या मुलाचा तिनं द्वेष केला असता तरी जगानं तिला दोष दिला नसता, त्याच्यासाठी ती आयुष्यभर त्या फलाटावर येत राहिली होती.

या पावसाळ्यात लाळ तपासणाऱ्या त्या संस्थेकडून मुलीला निरोप आला. बाबांच्या रक्ताचं आणखी एक माणूस सापडलं होतं, या वेळी वडिलांच्या बाजूचं. मुलीनं फोन करून विचारलं, "आई, उघडू का?"

पूर्वीची मी असते तर हो म्हटलं असतं. सगळं कळलंच पाहिजे, कळलं की सुटतं, असं मला वाटायचं. देवाशीही मी तशीच वागत आले, हिशेब विचारत. त्या दुपारी सियालदहला मी त्याच्याशी बोलणं तोडलं होतं, आणि त्याच वेळी डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या एका बाईनं माझा हात धरला होता. कोणी पाठवलं तिला, हे मी विचारत नाही. जे दिलं त्याबद्दल हात जोडते. बाबांनी आईचं नाव मागितलं होतं. त्यानं तेवढंच दिलं, त्याहून एक अक्षरही जास्त नाही, आणि ते जास्त न देण्यातही त्याची दया असेल.

"नको," मी मुलीला म्हटलं. "ते देवाकडेच राहू दे."