जुळवलेल्या कडा

हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. आमच्या साडी-डिझाइनच्या स्टुडिओतला मोठा स्कॅनर तापला की प्लास्टिकचा उग्र वास सुटतो, आणि मला तो उन्हाळा आठवतो. मुलीला कॉमर्स सोडून आर्ट कॉलेजात बदली हवी होती. चित्रं आधी ऑनलाइन पाठवायची होती, म्हणून तिने ती माझ्याकडे स्कॅनला दिली. चित्रांत लिंबायत वस्तीतली आमची गल्ली, दोरीवरच्या साड्या, त्याही कागदाच्या कडेला मध्येच तुटलेल्या. आमच्या धंद्यात डिझाइनची डावी कड उजवीला जुळलीच पाहिजे, नाहीतर कापडावर जोड दिसतो. मला राहवेना. तिला न विचारता मी कॉम्प्युटरवर कडा जुळवल्या, वाकड्या रेषा सरळ केल्या आणि चित्रं पाठवून दिली. मुलाखतीला ती मूळ चित्रं घेऊन गेली आणि रडवेली होऊन बाहेर आली. "पप्पा, स्क्रीनवर भलतंच होतं! मॅडम म्हणतात, यातलं तुझं कुठलं? मी म्हटलं, हातातलं. तर म्हणे, बेटा, मग स्क्रीनवरचं बाजारातून उचललंस का?" मला तेव्हाच आत जाऊन खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे, यांची सिस्टिमच भंगार." "भंगारच!" म्हणत ती रिक्षात घरापर्यंत धुसफुसत राहिली. बदली मिळाली नाही. आता ती एका ऑफिसात बिलं बनवते, त्या कॉलेजचा विषय निघाला की अजून चिडते, आणि मी मान डोलावतो. चित्रं मी बदलली होती, एवढं तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.